लोखंडी नांगर आणि नेतृत्वाचा अर्थ

१

उद्योगधंद्यात यश मिळविलेल्या पुरुषांच्या चरित्रांतून नेतृत्वाचे धडे काढण्याचा प्रघात अलीकडे फार वाढला आहे. संगणकाच्या किंवा दूरध्वनीच्या एखाद्या मोठ्या कंपनीच्या संस्थापकाचे नाव घ्यावे, त्याच्या आयुष्यातील चारदोन प्रसंग सांगावेत आणि त्यांखाली सूत्रे लिहावीत, अशी या लेखनाची सर्वसाधारण रीत असते. धाडस करावे, अपयशाला भिऊ नये, माणसे पारखून घ्यावीत, ही ती सूत्रे होत. ती खोटी आहेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु कोणत्या काळी, कोणत्या भूमीवर आणि कोणत्या माणसांच्या सहवासात ती खरी ठरली, हे त्यांत सांगितलेले नसते. देशकाल वगळून काढलेला धडा हा इतिहासाचा धडा नव्हे. ते केवळ सुभाषित होय.

प्रस्तुत लेखात याच विषयाचा विचार एका मराठी उदाहरणाच्या आधारे करावयाचे योजिले आहे. ते उदाहरण लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९ ते १९५६) यांचे. लोखंडी नांगर ही वस्तू आज कोणास नवलाची वाटणार नाही. तथापि विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात ती इतकी नवी होती की, ती करणारा, विकणारा आणि वापरणारा, या तिघांनाही ती शिकून घ्यावी लागली. नव्या तंत्राचा उद्योग उभारणाऱ्या संस्थापकापुढे जे प्रश्न आज येतात, ते सर्व लक्ष्मणरावांपुढे त्या वेळी आले होते.

हा विचार परभणी जिल्ह्यातून करण्यास एक विशेष कारण आहे. हा प्रदेश काळ्या जमिनीचा, कापसाचा व ज्वारीचा. येथील शेतकऱ्याला गेली शंभर वर्षे निरनिराळ्या अधिकारी माणसांनी एकच उपदेश केला आहे, तो म्हणजे ‘तू बदल’. नवे बी, नवे अवजार, नवी पद्धत यांचा त्याने स्वीकार करावा, आणि न केल्यास तो अडाणी ठरावा, अशी या उपदेशाची घडण असते. नवी वस्तू देणाऱ्यानेही काही बदलावे लागते की काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. लक्ष्मणरावांच्या उद्योगाचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो, अशी आमची समजूत आहे.

२

प्रथम नांगराविषयी थोडेसे. ‘नांगर’ हा शब्द संस्कृत ‘लाङ्गल’ या शब्दापासून आला आहे. ‘लाङ्गल’ हा शब्द ऋग्वेदात आढळतो खरा. परंतु तो मूळचा आर्यभाषेतील नसून या देशातील कोणत्या तरी जुन्या, बहुधा मुंडा गटातील, भाषेतून घेतला गेला असावा, असे मत अनेक भाषाशास्त्रज्ञांनी मांडले आहे. गमतीची गोष्ट अशी की, मराठीत जहाजाचाही एक नांगर आहे, आणि तो फारसी ‘लंगर’ या शब्दावरून आलेला आहे. दोन निरनिराळ्या कुळांचे शब्द मराठीच्या तोंडी आले, दोहोंच्याही आरंभीचा ‘ल’ जाऊन ‘न’ झाला आणि ते एकरूप झाले. आज शेतकऱ्याला किंवा कोळ्याला यांपैकी कोणताही शब्द परका वाटत नाही. बाहेरून आलेली वस्तू व तिचे नाव आपलेसे करून घेण्याची शक्ती या समाजात कधीच उणी नव्हती, एवढाच निष्कर्ष येथे काढावयाचा आहे. शेतकरी नवी वस्तू घेतच नाही, हे म्हणणे भाषेच्या साक्षीने टिकत नाही. तो ती कोणत्या अटीवर घेतो, हे पाहिले पाहिजे.

जुना नांगर लाकडाचा, बहुतकरून बाभळीचा, असे. त्याला लोखंड लागे ते केवळ फाळापुरते. हळस, रुमणे, जू ही सारी लाकडाचीच कामे. हा नांगर गावचा सुतार करी व फाळ लोहार शेवटून देई. या कामाबद्दल रोख पैसे देण्याची चाल नव्हती. सुगीच्या दिवसांत खळ्यावर बलुते मिळे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने बलुत्याच्या पद्धतीतील दोष अनेक आहेत, आणि ज्या जातिव्यवस्थेवर ती उभी होती तिचे समर्थन कोणी करू नये. परंतु अवजाराच्या दृष्टीने तिच्यात एक गुण होता. नांगर करणारा आणि नांगर धरणारा हे दोघे एकाच गावात राहत. हळस फार उभी बसली, रुमणे हाताला उंच लागते, फाळ खोल जात नाही, हे शेतकरी सुताराला त्याच दिवशी सांगू शके. सुतार तासणी घेऊन बसे व दोष काढून देई. प्रत्येक नांगर त्या गावच्या मातीला, त्या बैलांच्या उंचीला आणि त्या माणसाच्या हाताला जुळवून घेतलेला असे.

लोखंडी नांगराने ही सर्व व्यवस्था मोडली. तो दूरच्या कारखान्यात ओतला जाई, रोख पैसे देऊन घ्यावा लागे, आणि मोडला तर गावच्या सुताराच्या हाताबाहेरचा होई. इंग्लंडमधील रॅन्सम यांच्या कारखान्याचे नांगर दक्षिणेत येत असत. त्यांचा करणारा तर समुद्रापलीकडे होता. त्याला बांधावरचे गाऱ्हाणे ऐकू जाण्याचा संभव नव्हता.

लोखंडी नांगर कामाला श्रेष्ठ होता, यात शंका नाही. लाकडी नांगर माती चिरतो, पण उलथीत नाही. दोन तासांच्या मध्ये न नांगरलेली पट्टी राहून जाते. लोखंडी नांगराचा फाळ माती आडवी कापतो व वरचा वाकडा पत्रा ती उलटी करून टाकतो. त्यामुळे हरळी व कुंदा यांसारख्या खोल मुळांच्या तणांचा नाश होतो. तरीही शेतकरी त्याच्याकडे संशयाने पाहत असे. या संशयाचा विचार पुढे येईलच.

३

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शालेय अभ्यासात त्यांचे मन रमले नाही. चित्रे काढणे व यंत्रे हाताळणे यांकडे ओढा होता. वडील काशिनाथपंत यांचा विरोध असताना, वडील बंधू रामूअण्णा यांच्या पाठिंब्यावर ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांच्या दृष्टीत काही रंगांविषयी आंधळेपणा असल्याचे आढळून आले, आणि चित्रकार होण्याचा मार्ग खुंटला. रंग लागत नाहीत असे एक चित्रकाम त्यांनी मात्र सोडले नाही. ते म्हणजे यंत्रांचे रेखाचित्रण. त्याच बळावर त्यांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत शिक्षकाची जागा मिळाली.

नोकरी चालू असतानाच, १८८८ साली, बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी त्या विकाव्यात व लोकांना त्यांवर बसावयास शिकवावे, अशी वाटणी होती. नव्या वस्तूबरोबर तिचे शिक्षणही विकावे लागते, हे या बंधूंना नांगराच्या कितीतरी आधी कळून आले होते.

१८९७ साली लक्ष्मणरावांना मिळावयाची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व ते बेळगावास परतले. तेथे त्यांनी एक लहानसा कारखाना घातला. पहिली महत्त्वाची वस्तू म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र. यानंतर ते लोखंडी नांगराकडे वळले. १९०३ हे वर्ष या नांगराच्या आरंभाचे मानले जाते.

या सर्व हकीकतीत मनाचा कणखरपणा आहे, आणि चरित्रकारांनी त्याचे वर्णन यथायोग्य केले आहे. परंतु कणखरपणा ही नेतृत्वाची पूर्वतयारी होय. तेच नेतृत्व नव्हे. बढती नाकारल्यामुळे नोकरी सोडणारी माणसे त्या काळी इतरही असतील. लक्ष्मणरावांचे वेगळेपण पुढील दोन वर्षांत दिसून येते.

४

पहिले लोखंडी नांगर विकण्यास लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांत समजूत होती. या प्रसंगाचे वर्णन करताना बहुतेक लेखक ‘अंधश्रद्धा’ हा शब्द वापरून पुढे जातात. आम्हांला हा शब्द पुरेसा वाटत नाही.

काळ्या जमिनीचा स्वभाव ज्याला ठाऊक आहे, त्याला या समजुतीमागे एक अनुभव दिसेल. आमच्या जिल्ह्यातील गोदावरी, दुधना व पूर्णा यांच्या काठची रेगूर जमीन उन्हाळ्यात आकसते, तिला खोल भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत पडते, आणि पावसाळ्यात जमीन फुगून पुन्हा एक होते. एका अर्थी ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरून घेते. म्हणूनच वर्षानुवर्षे केवळ वखराच्या पाळ्या देऊन येथे पिके काढली जात, आणि खोल नांगरट काही वर्षांनी एकदा होई. अशा जमिनीत अवेळी खोल नांगर घातला, तर मोठमोठी ढेकळे निघतात, ओल उडून जाते, आणि वळवाचा पाऊस न पडल्यास ती ढेकळे फुटत नाहीत. त्या वर्षीचे पीक हातचे जाते. ज्याच्या घरी एका वर्षाचे धान्य म्हणजेच सर्व भांडवल, तो असला प्रयोग सहजासहजी करणार नाही. ‘विष’ हा शब्द रसायनशास्त्राचा नव्हे. तो भयाचा आहे. हे आमचे अनुमान होय. परंतु शेतकऱ्याच्या बोलीतील शब्द त्याच्या व्यवहाराशी ताडून पाहिल्याखेरीज त्याला अडाणी म्हणू नये, एवढे तरी त्यावरून ठरते.

नव्या वस्तूचा कर्ता अशा वेळी दोन मार्गांनी जाऊ शकतो. ग्राहकाच्या अज्ञानाला दोष देऊन तो स्वस्थ बसेल, किंवा आपली वस्तू घेऊन पुन्हा भट्टीपाशी जाईल. लक्ष्मणरावांनी दुसरा मार्ग धरला. आरंभीच्या फाळांची टोके पुरेशी टणक नव्हती, ती लवकर झिजत. ही तक्रार त्यांनी शेतकऱ्याच्या निष्काळजीपणावर ढकलली नाही. ओतकामातील दोष म्हणून ती स्वीकारली व तो दोष दूर केला.

हे काम दिसते तितके सोपे नाही. बिडाचा रस वाळूच्या साच्यात सावकाश निवला की तो मऊ राहतो. लोखंडी साच्याला लागून झटकन निवला की काचेसारखा टणक होतो, पण त्याबरोबर ठिसूळही होतो. फाळ टणक हवा, कारण काळ्या मातीत तो रोज घासला जातो. आणि तो ठिसूळ असून चालत नाही, कारण मातीत दगड लागतो. या दोहोंचा मेळ घालणे म्हणजे मातीची भाषा धातूच्या भाषेत उतरविणे होय. त्यासाठी मातीत नांगर धरणाऱ्याचे म्हणणे आधी नीट ऐकावे लागते. गावच्या सुताराला जे बांधावर उभ्याउभ्या ऐकू येत होते, ते ऐकण्याची सोय कारखान्याला नव्याने निर्माण करावी लागली. लक्ष्मणरावांच्या नेतृत्वाचे सार, आमच्या मते, येथे आहे. त्यांनी लोखंडी नांगर तर केलाच. पण सुतार व शेतकरी यांच्यात जो संवाद होता, तो कारखान्याच्या अंतरावरून पुन्हा जोडण्याचा प्रयत्न केला.

नांगराला बाजार मिळाल्यानंतरचा इतिहास पाहिला तरी हीच गोष्ट दिसते. लाकडी नांगर मोडला की सुताराकडे जावे. लोखंडी नांगर मोडला की कोठे जावे? या प्रश्नाचे उत्तर सुटे भाग हे होय. फाळ झिजला तर तेवढाच बदलावा, नांगर टाकून देऊ नये, अशी व्यवस्था झाल्याखेरीज शेतकरी रोख पैसा गुंतवणे शक्य नव्हते. पुढे ‘किर्लोस्कर नांगर’ हा शब्दप्रयोग मराठी बोलीत इतका रुळला की, तेथे कर्त्याचे आडनाव हे वस्तूचेच विशेषण झाले. भाषेने दिलेला हा दाखला जाहिरातीने मिळत नसतो.

५

बेळगावातील जागा नगरपालिकेच्या विस्ताराच्या योजनेत गेल्यामुळे कारखाना हलविणे भाग पडले. त्या सुमारास लक्ष्मणरावांनी औंध संस्थानात बांधकामाचे काम घेतले होते, आणि तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा त्यांच्यावर लोभ होता. संस्थानाने कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन दिली. ती माळरानाची होती. निवडुंग आणि साप यांखेरीज तेथे फारसे काही नव्हते. १९१० साली या जागी किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे, आणि त्या रेल्वे स्थानकालाही पुढे तिचेच नाव मिळाले. टाटांच्या साकची येथील कारखान्यातून पहिले पोलाद १९१२ साली बाहेर पडले, हे ध्यानात घेतले म्हणजे या माळावरील साहसाचा काळ नीट समजेल. देशात यंत्रोद्योगाची पायाभूत सामग्रीच तयार व्हावयाची होती.

येथे आलेल्या माणसांकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी आणि अनंतराव फळणीकर ही नावे किर्लोस्करवाडीच्या इतिहासात नेहमी येतात. यांपैकी मोठ्या पदव्यांचा धनी कोणी नव्हता. फळणीकर शाळा अर्धवट सोडून आलेले, पण यंत्ररचनेत कल्पक निघाले. रेगे कारकून म्हणून आले आणि व्यवस्थापक झाले. जांभेकर यंत्रांचे जाणकार, परंतु कोणाच्या शिस्तीत न बसणारे होते. दरोडेखोरीबद्दल शिक्षा भोगलेल्या दोन माणसांना लक्ष्मणरावांनी वसाहतीच्या राखणीस ठेवले, आणि त्यांनी तो विश्वास राखला. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती.

या गोष्टींचे वर्णन सामान्यतः दयाबुद्धी किंवा माणसांची पारख या शब्दांत केले जाते. आम्हांला त्यांत नांगराच्या कामातीलच पद्धत दिसते. फाळ टिकला नाही, तर माती वाईट असे लक्ष्मणराव म्हणाले नाहीत. त्याचप्रमाणे एखादा मनुष्य कोठे टिकला नाही, तर मनुष्य वाईट असेही त्यांनी म्हटले नाही. जागा बदलून पाहिली. रंग दिसत नाहीत म्हणून चित्रशाळेने ज्याला निरुपयोगी ठरविले, त्याच माणसाने एका रेषेवर आयुष्य उभारले होते. एका जागी निरुपयोगी ठरणे म्हणजे सर्वत्र निरुपयोगी असणे नव्हे, हा धडा त्यांनी कोणत्याही पुस्तकातून घेतला नव्हता.

रामूअण्णांचे कार्यही येथे विसरता येत नाही. रस्ते, पाणी, स्वच्छता, राहण्याच्या जागा यांची व्यवस्था त्यांनी पाहिली. कारखाना एकाच माणसाच्या नावाने ओळखला जातो. परंतु १८८८ च्या दुकानापासून या उद्योगाच्या नावात ‘बंधू’ आहेत, हे अर्थपूर्ण आहे.

६

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगर येणे थांबले आणि देशी नांगराला मागणी आली. परंतु त्याच युद्धामुळे लोखंड मिळेनासे झाले. ग्राहक दारात आणि कच्चा माल नाही, अशी स्थिती झाली. त्या वेळी कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी संस्थानातील किल्ल्यांवर पडून असलेल्या जुन्या तोफा लक्ष्मणरावांना नांगरांसाठी दिल्या. तोफा वितळल्या आणि त्यांचे फाळ झाले. हा प्रसंग एखाद्या पुराणकथेत शोभावा असा आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने त्यातील व्यवहाराकडे लक्ष द्यावे. मोडीचे लोखंड उपलब्ध कोठे आहे, हे शोधणे आणि ते मागण्याइतका विश्वास आधी संपादन केलेला असणे, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत.

१९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ या नावाने कंपनीची नोंदणी झाली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर हे त्याचे संपादक. कारखान्याची माहिती ग्राहकांपर्यंत व विक्रेत्यांपर्यंत पोहोचविणे, हा त्याचा मूळ हेतू. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिके निघाली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या मासिकांचे स्थान सर्वांना माहीत आहे. परंतु त्यांचे मूळ एका नांगराच्या कारखान्यात आहे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवावी. यंत्रविद्येचा उद्योग मराठीत बोलू लागला. आपली वस्तू ज्यांच्या हाती जावयाची, त्यांच्याच भाषेत तिच्याविषयी लिहिणे ही या उद्योगाची गरज होती, आणि त्या गरजेतून मराठीला एक नवा वाचक मिळाला.

उद्योगाच्या पुढील वाढीचा तपशील येथे विस्ताराने देण्याचे प्रयोजन नाही. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षण संस्थेतून पदवी घेऊन १९२६ साली परतले. १९४१ साली हरिहर येथे यंत्रे करणारी यंत्रे घडविणारा कारखाना, आणि १९४६ साली पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा व बंगळूर येथे विजेच्या यंत्रांचा, असे कारखाने उभे राहिले. या वाढीतही एक सूत्र आहे. नांगराने जमीन खोल उलथली की पाण्याची मागणी वाढते, पाण्यासाठी पंप, पंपासाठी इंजिन किंवा विजेची मोटर. एका वस्तूने शेतात निर्माण केलेली गरज दुसऱ्या वस्तूला जन्म देत गेली. लक्ष्मणराव स्वतः नांगराच्या पलीकडचे शिक्षण घेऊ शकले नव्हते. ते त्यांनी पुढच्या पिढीला घेऊ दिले, आणि तिच्या हाती काम सोपविले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

७

येथवर जे सांगितले, त्यावरून सर्व यश एका पुरुषाच्या गुणांचे होते असा समज होण्याचा संभव आहे. तसा समज होऊ नये. औंधच्या अधिपतींनी जमीन दिली नसती, महायुद्धाने परदेशी माल अडविला नसता, तर या उद्योगाची वाट कशी झाली असती हे सांगता येत नाही. संस्थानाचा आश्रय आणि युद्धाची संधी या लक्ष्मणरावांच्या हातच्या गोष्टी नव्हत्या. नेतृत्वाचे श्रेय देताना एवढेच म्हणता येईल की, संधी आली तेव्हा दाखविण्यासारखा नांगर त्यांच्यापाशी तयार होता. तो तयार होता, कारण आधीच्या वर्षांतील नकार त्यांनी वाया जाऊ दिला नव्हता.

आता परभणीकडे वळू. १९०३ साली, बेळगावात लोखंडी नांगराचा आरंभ झाला त्या वेळी, हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मनमाड ते हैदराबाद हा लोहमार्ग या जिल्ह्यातून विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला होता, आणि येथील कापूस त्या वाटेने बाहेर जात होता. परंतु राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि शेतकऱ्याची भाषा मराठी. १९१८ साली परभणी येथे संस्थानाचे प्रयोगक्षेत्र स्थापन झाले. त्याच वर्षी हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, आणि त्याचे शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. प्रयोगक्षेत्रात जे ज्ञान जमत असेल, ते ज्या भाषेत नोंदले जाई ती शेतकऱ्याची नव्हती. आणि शेतकरी ज्या शब्दांत आपली अडचण सांगे, ते शब्द कचेरीच्या दप्तरात जात नव्हते. सुतार व शेतकरी यांच्यात जो संवाद होता, त्याच्या जागी दुसरा संवाद येण्यास येथे भाषेचीही एक भिंत होती.

ती भिंत पुढे पडली. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले. १९५६ साली परभणीस कृषी महाविद्यालय सुरू झाले, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी, लक्ष्मणरावांच्या निधनानंतर पाच आठवड्यांनी, मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. आज ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. ज्वारीचे ‘परभणी मोती’ हे वाण येथलेच. येलदरीचे धरण झाले, जायकवाडीचा कालवा आला. म्हणजे संस्था आहेत, ज्ञान आहे, आणि भाषाही आता एकच आहे.

असे असूनही नवे अवजार किंवा नवे बी शेतकऱ्याने नाकारले की, त्या नकाराचे काय करावयाचे, हा प्रश्न शिल्लक राहतोच. बहुतेक वेळा तो नकार ‘प्रसाराचा अभाव’ या सदरात घातला जातो, आणि उपाय म्हणून आणखी मेळावे, आणखी पत्रके, आणखी भाषणे सुचविली जातात. ओल, ढेकळे, बैलांची ताकद, मजुरी, रोख पैसा, यांपैकी कोणती अडचण त्या नकारामागे आहे, हे शेतकरी आपल्या बोलीत सांगतच असतो. ते शब्द टिपून घेणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे, आणि त्यांवरून वस्तू बदलणे हे यंत्रज्ञाचे. हळस, रुमणे, पास, चाडे या शब्दांचे कोश आपण करतो. परंतु त्या शब्दांच्या आधाराने माणसे काय तक्रार करतात, याचेही संकलन झाले पाहिजे. कारण अवजाराचा खरा इतिहास त्याच्या भागांच्या नावांत जितका असतो, तितकाच त्याविषयीच्या गाऱ्हाण्यांत असतो.

‘नेतृत्व’ या शब्दाच्या मुळाशी ‘नी’ हा धातू आहे. नेणे हा त्याचा अर्थ. नेता म्हणजे नेणारा. नेणाऱ्याने पुढे चालावे आणि इतरांनी मागून यावे, असे चित्र आपण या शब्दावरून सहज काढतो. नांगराच्या मागे चालणारा शेतकरीही नेणाराच आहे. बैल पुढे असतात. तो मागे राहून, रुमण्यावर हात ठेवून, माती हाताला काय सांगते ते ऐकत, तास सरळ नेतो. हात जड केला तर फाळ रुततो. सैल सोडला तर वर येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला उद्योग याच रीतीने नेला, असे त्याच्या इतिहासावरून दिसते. त्यांच्या चरित्रातून ज्याला काही घ्यावयाचे असेल, त्याने सूत्रांची यादी करण्यापूर्वी आपल्या वस्तूला मिळालेला शेवटचा नकार आठवावा, आणि त्यानंतर आपण काय बदलले, हे स्वतःस विचारावे.